दात उमटलेलं घड्याळ

महाडच्या बाजारपेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे चुकून उरलेली फट. मी आत बसलो की हवा बाहेर उभी राहायची. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी पेठेत चढलं की सगळ्यांच्या दुकानांत शिरायचं, माझ्याकडे नुसतं डोकावून पुढे जायचं, कारण बसायला जागा नसायची. यातलं पाण्याचं खोटं आहे. पाणी शिरायचं. बाकीचं खरं धरून चाला.

गोष्ट नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. सेलवरची घड्याळं तोवर भाजीसारखी विकली जात होती. चावीचं घड्याळ घालणारे म्हणजे एकतर बापाच्या आठवणीनं रडणारे, नाहीतर सासऱ्याला भिणारे, एवढेच उरले होते. चावीच्या घड्याळाच्या पोटातल्या यंत्राला आम्ही मशीन म्हणतो. त्या मशीनचे पार्ट यायचे बंद झाले होते. मुंबईचे पार्टवाले कॅल्क्युलेटर विकायला बसले होते. मग एका मशीनला पार्ट हवा असला तर तो दुसऱ्या मशीनमधूनच काढायचा, आणि दुसरं मशीन मिळायचं ते मेलेल्या माणसाच्या मनगटावरून. मी तेराव्याला जायचो तो जेवायला नाही. हार घातलेल्या फोटोत मयताचं डावं मनगट दिसतंय का, ते बघायला.

"वडील गेले, फार वाईट झालं," मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो. "घड्याळ कुठं ठेवलंय?"

लोक शिव्या द्यायचे आणि घड्याळ आणून द्यायचे. एका घरात तर आजोबा अजून खाटेवरच होते. मला दारात बघून त्यांनी मनगट गोधडीत ओढून घेतलं आणि केवळ त्या रागावर पुढे कितीतरी वर्षं जगले. माझ्यामुळे माणसं वाचलीही आहेत, हे कुणी सांगत नाही.

अशात एके दिवशी बिरवाडीहून एक कामगार आला. तिकडे भाड्याच्या खोलीत राहायचा, केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. सोनेरी, परदेशी, नाजूक वस्तू. पण कडेला सगळीकडे खोल खोल खड्डे पडलेले.

"हे काय कुत्र्याच्या तोंडातनं काढलंत?" मी विचारलं.

"सासऱ्याच्या," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

त्याचा सासरा पोलादपुराच्या वर, कुडपणाच्या अंगाला एका वाडीत राहायचा. लहानपणी कान वाहून वाहून म्हातारा ठार बहिरा झालेला. डोळ्यांतही पुढे मोतीबिंदू उतरलेला. गावात मात्र त्याचा दरारा असा की त्याच्या गोठ्यातल्या म्हशी त्याला विचारून रवंथ करायच्या. त्याला दोन मुली. सुट्टीवर आलेल्या महाडच्या एका आखातवाल्याकडून त्यानं एकसारखी तीन घड्याळं घेतली होती. दोन मुलींच्या लग्नांत दोन्ही जावयांना दिली, तिसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं. आणि तेव्हापासून दर गणपतीला त्या घरात एक रीत पडली. आरती झाली की जावयांनी पाटावर बसून डावा हात पुढे करायचा. म्हातारा खाली वाकायचा, मनगटावरचं घड्याळ तसंच दाढेत धरायचा आणि डोळे मिटायचा.

"दाढेत?"

"कानानं ऐकू येत नाय ना. हाडातनं येतं म्हणतो. टिकटिक लागली की मुंडी हलवतो, मग परसाद."

"आणि घड्याळ काढून हातात द्यायचं नाही?"

"नाय. काढून दिलं म्हणजे रोज बांधत नाय असा अर्थ धरतो. आणि दुसरं बांधून गेलं तर घरात घेनार नाय."

मी मशीन उघडलं. आत जे चाक मागेपुढे झुलतं त्याला बॅलन्स म्हणतात. घड्याळाचं काळीजच ते. त्याचा दांडा मोडला होता. दांड्याचं टोक मुंगीच्या मिशीएवढं असतं. मुंगीला मिशी असते का, हे विचारू नका. दांड्याला टोक नव्हतं, हे नक्की.

"कशावर आपटलं?"

"मशीनवर. कारखान्यात."

मी भिंगातून दांडा पुन्हा एकदा बघितला. पुढे पार्ट शोधताना मी काय काय केलं ते ऐकाच. आपल्या सरकारी कारखान्याच्या घड्याळांचे दांडे आणून बघितले. ते जाड, शेतावर काम केल्यासारखे. मुंबईहून मेलेल्या मशीनांचं पोतं मागवलं आणि पेठेत चटईवर ओतून तांदळातले खडे निवडावेत तसं निवडलं. वारा आला आणि निम्मी चाकं समोरच्या मिठाईवाल्याच्या जिलेबीत जाऊन बसली. त्या आठवड्यात महाडातली अर्धी माणसं वेळेवर उठत होती म्हणतात. एक दांडा तर असा सापडला की सहज बसला, बॅलन्स झुललाही. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत झुलायचा थांबला. दांडा केसाच्या सालीएवढा आखूड होता.

मग मी ती घड्याळं विकणाऱ्या आखातवाल्याच्या घरी निरोप ठेवला. तो पुन्हा तिकडेच गेला होता. पुढच्या सुट्टीला माणूस खरंच आला, आणि दोन्ही हातांत मावणार नाही एवढा खोका घेऊन आला.

"भाई, पार्ट काय मिळाला नाय," तो म्हणाला. "पण तू एवढा निरोप धाडलास, म्हणून हा घे. अख्खाच आणलाय."

आत भिंतीवरचं सेलचं घड्याळ. दर तासाला दार उघडून त्यातून एक प्लॅस्टिकचा पक्षी बाहेर यायचा आणि असा ओरडायचा की पेठेतली कुत्री उत्तर द्यायची. मी ते डोक्यावर टांगलं. प्रेमानं दिलेल्या वस्तूला माणूस नाही कसं म्हणणार?

शेवटी बिरवाडीच्या जावयाला मी सरळ सांगितलं, "हे बघा, पार्ट दोनच ठिकाणी आहे. तुमच्या साडूच्या घड्याळात, नाहीतर सासऱ्याच्या. कोण आजारी बिजारी आहे का?"

"दोघं पन ठणठणीत हायत."

"अरेरे," मी म्हणालो.

"अरेरे," तोही म्हणाला, आणि अगदी मनापासून.

गणपती आले. मनगट पुढे करण्यावाचून इलाज नव्हता. बंद घड्याळ बांधून तो वर गेला. म्हाताऱ्यानं घड्याळ दाढेत धरलं, बराच वेळ धरलं, जबडा इकडून तिकडे केला, पुन्हा धरलं. मग थुंकला.

"माझ्या दारात मढं बांधून आलाय," तो अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडला. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. "हे चालू होईस्तवर ह्यानं इथं पाय ठेवायचा नाय. आनि हिनं पन नाय."

ही म्हणजे त्याचीच धाकटी मुलगी. थोरला जावई शाळामास्तर होता. तो मोदक तोंडात धरून हसला. त्याचं घड्याळ चालू होतं.

दिवाळीच्या सुमारास ती धाकटी एकटीच दुकानात आली. उभी राहायला जागा नव्हती म्हणून पायरीवर बसली. तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं. नवरा म्हणत होता, बंद घड्याळ घालून मी अपमान करून घ्यायला येणार नाही आणि तूही जायचं नाहीस. एवढं असूनही ती एकदा न सांगता गेली होती.

"मग?"

"बाबा दारात उभे राहिले. बोललेच नाय काय. नुसतं असं केलंनी." तिनं उजव्या हाताच्या बोटानं डाव्या मनगटावर टकटक केलं. "आई आतनं हाका मारीत होती, बायो, बायो करून. त्यांना कुठं ऐकू येतंय? मला येत होतं. मी अंगणात उभी. मग खालची गाडी आली, तिच्यात बसले."

मी माणूस बडबड्या. त्या वेळी मी चिमटा पुसत बसलो.

"दादा, कधी होईल ओ?"

"पार्ट मिळत नाही गो. असं कुठं आपटलं यांनी कारखान्यात, तेच कळत नाही. पडून मोडला तर दांडा वेगळा मोडतो. हा आडवा मार आहे."

ती पायरीवरच माझ्याकडे वळली. मग पदर बाजूला करून कानाजवळचं गालाचं हाड दाखवलं. तिथं एक बारीक अर्धगोल वण होता, घड्याळाच्या कडेएवढा.

"कारखान्यात नाय," ती म्हणाली.

म्हणजे घड्याळ तिच्या हाडावर मोडलं होतं, आणि ते मोडलं म्हणून तिचं माहेर बंद झालं होतं. असा न्याय मी रचून सांगितला असता तर पेठेत कुणी विश्वास ठेवला नसता. माझ्या थापा याच्यापेक्षा खऱ्या वाटतात.

तिनं थोरल्या बहिणीकडे शब्द टाकला. मास्तरांच्या घड्याळातला दांडा चार दिवस उसना द्या, आईला बघून आले की परत. मास्तर स्वतः माझ्या दुकानी आले ते मनगट छातीशी धरून.

"मी जिवंत असेपर्यंत हे तुझ्या टेबलावर येणार नाही," ते म्हणाले. "तिच्या नवऱ्याला वस्तू सांभाळता येत नाही, त्यात माझ्या मशीनचा काय दोष?"

"बरोबर आहे मास्तर," मी म्हणालो. "मी वाट बघेन."

फार वाट बघावी लागली नाही. मास्तरांचे गुडघे दुखायचे. त्यावर उपाय म्हणून ते जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर बसायला जायचे, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि घड्याळ हातात. काढायचे नाहीत, कारण घड्याळावरच्या दातांच्या खुणा लोकांनी बघाव्यात अशी त्यांची इच्छा. सासऱ्यानं मान्य केल्याचा शिक्काच तो. सवचं गंधकाचं पाणी त्यांच्या गुडघ्यात शिरलं नाही, घड्याळात शिरलं. मास्तर जिवंत असतानाच ते घड्याळ माझ्या टेबलावर आलं. मागचं झाकण उघडलं तर आत चहाचा चोथा. चिमट्यानं दांडा धरायला गेलो, त्याची पूड झाली. मी ती पूड कागदात बांधून मास्तरांना परत दिली.

"हे काय?"

"अस्थी," मी म्हणालो.

पुढच्या गणपतीला मास्तरांना ऐनवेळी हिवताप भरला. त्यानंतर दर गणपतीला भरू लागला.

धाकटीची आई त्या पहिल्या हिवतापानंतरच्या शिमग्याआधी गेली. निरोप बिरवाडीला पोचून ती वर जाईपर्यंत मागे नुसती राख होती. त्या वेळी मात्र म्हाताऱ्यानं तिला दारात अडवलं नाही. आत जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल.

मग पावसाच्या तोंडावर म्हातारा स्वतः माझ्या दुकानात उतरला. मी त्याला कधी बघितला नव्हता, पण दात बघून ओळखला. एवढे पिवळे, एवढे मजबूत दात माणसाच्या तोंडात मी पुन्हा बघितले नाहीत. या दातांनी त्यानं सह्याद्री कुरतडला असता तर घाटातला रस्ता सरळ झाला असता. त्यानं आधी पेठेत मागेपुढे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"ह्यात काय झालंय बघ," तो ओरडला.

मी उघडलं. चावी दिली की जिच्यात पीळ भरतो ती मेन स्प्रिंग कधीकाळी तुटली होती, आणि तुटताना तिनं असा झटका दिला होता की पुढच्या चाकाचे दात गेले होते. आत बुरशी होती. बॅलन्सचा दांडा मात्र शाबूत, तोच, ज्याच्यासाठी मी पोतं उपसलं होतं.

"हे कधीपासून बंद आहे?" मी त्याच्या तोंडापुढे हातवारे करून विचारलं.

"थोरलीचं लगीन झालं त्याच साली पडलंय."

म्हणजे सगळी वर्षं जावयांची घड्याळं चावणाऱ्या या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ मेलेलं होतं. कुणाची हिंमत झाली नव्हती ते कानाला लावायची.

त्याला खरंच ऐकू येतं का बघावं म्हणून मी एका गिऱ्हाइकाचं चावीचं घड्याळ पुढे केलं. त्यानं ते दाढेत धरलं. डोळे मिटले. आणि थांबला. मी वाट बघितली. पायरीवर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. म्हातारा हलला नाही. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि तरी तो घड्याळ सोडेना. शेवटी मी त्याचे गाल दाबून ते बाहेर काढलं, बैलाच्या तोंडातून दोरी काढतात तसं.

"घरात कायच ऐकू येत नाय," तो म्हणाला. या खेपेला हळू बोलला. त्याला हळूही बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "म्हातारी होती तोपर्यंत पावलं तरी पायाला लागायची, जमिनीतनं. एक जावयांचं यायचं गणपतीला. ते पन बंद झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो तपासणी करत नव्हता. त्याला ऐकायचं होतं. वर्षातून एकदा, पोरींच्या नवऱ्यांच्या मनगटावर ओणवा होऊन.

मी दुसरं घड्याळ घ्या म्हणून खुणावलं. त्यानं मान हलवली. "जावयांना दुसरं घालू दिलं नाय, आनि मी घालू?"

घरात लपवून ठेवा, मी खुणावलं.

"चोरून ऐकू?" तो पुन्हा ओरडला. "हेच चालू कर. पार्ट शोध."

शोधायचा काय? तो पार्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता. धाकटीच्या नवऱ्याचं घड्याळ डबीत पडून होतं, आणि त्यातली स्प्रिंग आणि हेच चाक ठणठणीत होतं. दोन मढ्यांचं एक जिवंत घड्याळ होत होतं. मी तिला निरोप पाठवला.

ती आली, पायरीवर बसली. मी सगळं सांगितलं. चाक, दांडा, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं. माझ्या सांगण्यात ते पाणी जरा वाढलं, सावित्रीएवढं झालं, कारण मला वाटलं तिचं मन विरघळावं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्या टिकटिकीबिगार त्यांना कायच ऐकू येत नाय?"

"काहीच नाही."

"आनि माझ्या घड्याळातलं चाक घातलात तर येईल."

"येईल."

तिनं हात पुढे केला. "द्या माझं घड्याळ."

मी डबी दिली. तिनं ते बंद घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधलं, पट्टा शेवटच्या भोकात ओढून.

"त्यांना काय सांगू?"

"सांगा, पार्ट मिळत नाय. मला सांगत होतात तसं."

मी तसंच सांगितलं. म्हातारा दर बाजाराला उतरायचा, मी दोन्ही हात हवेत उडवून दाखवायचो, तो मान खाली घालून जायचा. मला त्याचं वाईट वाटलं का? लिहायला बसलोय म्हणून आता उगाच कशाला वाटून घेऊ?

गणपतीत धाकटी वर गेली, एकटीच. नवऱ्यानं अडवलं नाही, अडवायला त्याला तोंड नव्हतं. येताना माझ्यासाठी डब्यातून मोदक घेऊन आली. मोदक खाताना मी विचारलं, कसं झालं.

"आरती झाली, मी पाटावर बसले. जावयाच्या जागी. हात फुडे केला." ती डब्याचं झाकण लावत होती. "बाबांना दिसत नाय आता नीट. काटा हलतोय का नाय ते कळत नाय. मी त्यांच्यासमोर चावी दिली, तेवढी दिसली. मग धरलंनी दाढेत."

"आणि?"

"लय वेळ धरलंनी. मग मला विचारलंनी, चालू हाय काय गो?"

"तू काय म्हणालीस?"

तिनं मान हलवून दाखवली. हो, चालू आहे. मोठी, ठसठशीत हलवली, मोतीबिंदूतूनही दिसेल अशी. "त्यांनी या दाढेत धरलंनी, मग त्या दाढेत. परत विचारलंनी. मी परत हो म्हटलं. मग सोडलंनी."

डबा पिशवीत टाकून ती एसटीकडे गेली.

पुढच्या बाजाराला म्हातारा आला. पेठेत मागेपुढे बघितलं नाही. सरळ समोर उभा राहिला आणि हात पुढे केला.

"आन ते घड्याळ. शोधू नको आता."

मी का म्हणून खुणावलं.

त्यानं बोटानं दाढेवर टकटक केलं, मुलीला दारातून मनगट दाखवलं होतं तसंच असणार. "हे पन गेलं. पोरगीनं चालू घड्याळ आणलंन, मला कायच ऐकू आलं नाय."

माझ्या हातात त्या वेळी एका गिऱ्हाइकाचं चावीचं घड्याळ होतं, नुकतंच तेल घालून चालू केलेलं, जोरात चालणारं. नुसतं पुढे करायचं होतं. मी ते टेबलावर पालथं ठेवलं आणि त्याचं बंद घड्याळ त्याला दिलं. त्यानं ते मनगटाला बांधलं. तेवढ्यात डोक्यावरच्या घड्याळाचं दार उघडून आखाती पक्षी बाहेर आला आणि तास भरला म्हणून छाती फुटेस्तोवर ओरडू लागला. पेठेतली कुत्री भुंकायला लागली, समोरचा मिठाईवाला दचकून माझ्या नावानं बोंबलला. म्हातारा पाठ करून चालायला लागला होता. त्यानं मान वळवली नाही.